मास्तरांची डुलकी

आमच्या सिनेमाचं पहिलं परीक्षण वर्तमानपत्रात यायचं नाही, मास्तरांच्या डोळ्यांत यायचं. डोळे उघडे राहिले तर प्रसंग जमला, मिटले तर फसला. माझ्या प्रसंगांना ते इतक्या इमानदारीने मिटायचे की पहिल्या वर्षाच्या शेवटी चहावाल्याने मला विचारलं, “तुमच्या ऑफिसात चहा सांगायचं काम तुमच्याकडेच असतं का?”

असायचं नाही, पडायचं. कारण ज्याच्या प्रसंगाला मास्तर झोपतील त्याने सगळ्यांना चहा सांगायचा, असा आमचा नियम होता.

मी चित्रं काढतो. माझे सासरे पाहुण्यांना सांगतात, “जावई कार्टून काढतात,” आणि सूर असा लावतात की समोरच्याने “औषध चालू आहे ना?” असं विचारावं. खरं काम समजावायला गेलो की आणखी पंचाईत. ॲनिमेशनचा सिनेमा प्रत्यक्ष तयार होण्याआधी आम्ही तो पूर्ण कागदावर काढतो. कोण कुठे उभा आहे, कोण कुणाकडे बघतो, दार आधी वाजतं की कुत्रं आधी भुंकतं, सगळं. पोस्टकार्डाएवढी चित्रं, ओळीने फळ्यावर टाचलेली. मग हातात काठी घ्यायची, एकेका चित्रावर ठेवायची, आणि म्हातारीपासून कुत्र्यापर्यंत सगळी सोंगं स्वतः आणत तो प्रसंग खोलीतल्यांना करून दाखवायचा. लोक हसले किंवा रडले, तर ती चित्रं एकापुढे एक लावून, आपलेच आवाज घालून एक कच्चं रीळ बनवायचं. ते अंधारात बघायचं, आणि बहुतेक वेळा सगळं फाडून पहिल्यापासून सुरू करायचं. त्या एका सिनेमासाठी मी नऊ हजार चित्रं काढली. त्यातली शेवटी किती राहिली, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खोलीत आम्ही तिघंच. बाई म्हणजे दिग्दर्शिका. त्या फार कमी बोलायच्या आणि पेन्सिलीचं मागचं टोक चावायच्या. पेन्सिल किती चावली गेली यावरून प्रसंगाचं भवितव्य कळायचं. दुसऱ्याला आम्ही पोपट म्हणायचो. तो सगळ्या प्राण्यांचे आवाज काढायचा आणि टूथपेस्टच्या जाहिरातीतसुद्धा कुणी निरोप घेतला की रडायचा. तिसरा मी. मला खोडरबर म्हणायचे. हे नाव माझ्या नम्रतेवरून पडलं असं मी घरी सांगितलं आहे.

मास्तर आमच्यात आले ते बाईंच्या कोटामुळे. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या गाळ्यात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. एक मशीन, एक लांब टेबल, खडूचे तुकडे ठेवायला बिस्किटांचा डबा, आणि मशीनशेजारी एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर चिंध्यांची गादी होती आणि त्यावर कुणी बसायचं नाही. मास्तरांची बायको तिथे बसून काज करायची, बटणं लावायची. ती गेल्यावर काज बाहेरून करून यायला लागले, स्टूल तिथेच राहिलं.

बाई कोटाची बाही आखूड करायला गेल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “बाही बरोबर आहे. तुम्ही खांदे वर धरून चालता. कामाचा ताण आहे का?” बाई कोट न टाकता वर आल्या आणि म्हणाल्या, “मला हा माणूस रीळ बघायला हवा.”

आम्हाला बाहेरचा माणूस लागतो, हे खरं आहे. एकच विनोद पन्नास वेळा ऐकल्यावर तो विनोद आहे की रेल्वेचं वेळापत्रक, हे आम्हाला कळेनासं होतं. मास्तर दर शुक्रवारी चार वाजता मशीनवर कापड टाकून वर यायचे. गळ्यात टेप तसाच. मागच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे. पहिल्याच शुक्रवारी सातव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर आली, तोंड उघडलं, टेप घसरून मांडीवर पडला. पडद्यावर माझा पाठलागाचा प्रसंग चालू होता. तीन दरडी कोसळत होत्या, एक पूल तुटत होता, पोपट जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि मास्तर घोरत होते. दिवे लागल्यावर त्यांनी टेप उचलून पुन्हा गळ्यात घातला आणि म्हणाले, “छान आहे.”

चहाचा नियम त्याच दिवशी झाला.

जागे असले की मात्र मास्तर नेमकं बोलायचे. एकदा माझ्या एका प्रसंगावर म्हणाले, “तुम्ही शिवणीत माया ठेवत नाही. सगळं अंगाबरोबर कापता. माणूस जरा बसला, वाकला, तर उसवेल.” मी त्यांना प्रसंगाचं गणित समजावलं, दर चित्राला किती सेकंद वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या शुक्रवारी तो प्रसंग तिथेच उसवला. पोपटाने टाळ्या वाजवल्या. मी चहा सांगितला.

आता आमच्या सिनेमाची गोष्ट सांगतो, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोष्ट होती एका अस्वलाच्या पिल्लाची, जे हिवाळा आला तरी झोपायला तयार नाही. सगळं जंगल त्याला झोपवायला बघतं, ते झोपत नाही. दोन तास न झोपणाऱ्या अस्वलाचा सिनेमा, आणि तो बघायला बसवलेला माणूस सातव्या मिनिटाला झोपतो.

पिल्लू का झोपत नाही, याचं कारण काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि एकदाचं माझ्या हातून काहीतरी बरं घडलं. मी असं काढलं: आदल्या हिवाळ्यात गुहेत पिल्लू आणि त्याची आजी, दोघंच. बाहेर बर्फ. म्हातारीला कळतं की आपली वेळ आली. ती दाराशी जाते, वळते आणि पिल्लाला हाक मारते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. पिल्लू गाढ झोपलेलं. ती जाते. उन्हाळ्यात पिल्लू उठतं तेव्हा गुहेत कुणी नसतं. म्हणून ते आता झोपणार नाही.

मी काठी घेऊन हा प्रसंग करून दाखवला तेव्हा तिसऱ्या हाकेला मी आवाज असा काही खाली आणला की माझे मलाच शहारे आले. पोपट रडला, पण ते आम्ही हिशेबात धरत नाही. बाईंनी पेन्सिल तोंडातून काढून खाली ठेवली. ही म्हणजे आमच्याकडे पुष्पवृष्टी. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला प्रसंग दोनदा करून दाखवला. दुसऱ्यांदा ती भांडी घासत होती.

शुक्रवारी रीळ लागलं. म्हातारीने पहिली हाक मारली आणि मास्तरांचे डोळे मिटले.

मला वाटलं, आवाज कमी पडला. पुढच्या आठवड्यात आवाज वाढवला. पहिली हाक, डोळे बंद. तिसऱ्या आठवड्यात हाका अलीकडे आणल्या, चौथ्या आठवड्यात बर्फाचं वादळ घातलं. पालथ्या घड्यावर पाणी. चारही वेळा डोळे मिटले आणि प्रसंग संपल्यावर उघडले. चार शुक्रवार मी चहा सांगितला. मास्तर दर वेळी बशीत ओतून शांतपणे प्यायले.

पाचव्या आठवड्यात सोमवारी मी स्वतःच फळ्यावरून ती चित्रं उतरवली. बाई म्हणाल्या, “थांब ना, मला आवडतो हा प्रसंग.” पण मी आता मोठेपणाच्या घोड्यावर बसलो होतो. मी भाषण केलं. ‘आपला तो बाब्या’ हे इथे चालणार नाही, प्रेक्षक झोपत असेल तर आपण कितीही जीव टाकला तरी काय उपयोग, कलावंताला कापता आलं पाहिजे. टाचण्या काढताना माझा आवाज पुन्हा खाली आला आणि मला पुन्हा शहारे आले. त्या शुक्रवारी मास्तर त्या भागात टक्क जागे होते. मी सगळ्यांकडे ‘बघा’ म्हणून बघितलं.

यानंतर आठ-नऊ महिने आम्ही बाकीचा सिनेमा घासूनपुसून लख्ख केला. मग एके दिवशी, ज्यांच्या जिवावर हा सगळा खेळ चालला होता ते निर्माते आणि त्यांनी गोळा केलेले तीसेक अनोळखी लोक यांच्यासमोर पूर्ण कच्चं रीळ लागलं. लोक हसायच्या ठिकाणी हसले. दिवे लागले. एक चष्मेवाल्या बाई उठून म्हणाल्या, “छान आहे. पण ते पिल्लू झोपत का नाही?”

पोपट पटकन म्हणाला, “अहो, आजी गेली ना त्याची.”

“कोण आजी?”

पोपटाने माझ्याकडे बघितलं. मी आमच्या बाईंकडे. बाईंनी पडद्याकडे बघितलं, जणू आजी अजून तिथेच कुठेतरी असेल. आम्ही तिघांनी ती आजी इतक्या वेळा काढली होती, पुसली होती, तिचा आवाज काढला होता, की ती सिनेमात नाही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नऊ महिने आम्ही जो सिनेमा बघत होतो तो अर्धा पडद्यावर होता आणि अर्धा आमच्या डोक्यात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्यात ही चूक होणार नाही. स्वयंपाकी भाजी न घालता भाजी वाढत नाही. आणि ज्या बाहेरच्या माणसावर आमची भिस्त होती, तो मास्तरही तीन वर्षांत आतलाच झाला होता. त्यालाही आजी पाठ होती.

निर्माते सभ्य माणूस होते. ते म्हणाले, “तीन आठवडे घ्या. पिल्लू का झोपत नाही हे लोकांना कळलं आणि वाटलं, तर पुढे जाऊ. नाहीतर इथेच थांबलेलं बरं.” थांबलेलं म्हणजे सिनेमा बंद, खोली रिकामी, आम्ही तिघं तीन दिशांना. बाई त्यानंतर जिन्यात मला एवढंच म्हणाल्या, “तुझी आजी परत आण.”

“पण तिला मास्तर झोपतात.”

“मग ते का झोपतात, ते शोध.”

मी घरी गेलो, कागद घेतले आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. नवीन काही सुचेना. मग आम्ही चित्रवाले सुचेनासं झालं की जे करतो ते केलं, डोळ्यांपुढे जे येईल ते काढत बसलो. डोळ्यांपुढे मास्तर आले. पाठलागाच्या प्रसंगातले झोपलेले मास्तर काढले: मान खाली, जबडा सुटलेला, हात मांडीवर उताणे, बोटं सैल. शेजारी आजीच्या प्रसंगातले झोपलेले मास्तर काढले: मान ताठ, ओठ घट्ट, टेपची दोन्ही टोकं मुठीत आवळलेली.

बायको पाण्याचा ग्लास ठेवायला आली आणि खांद्यावरून बघून म्हणाली, “हा दुसरा झोपलेला नाही.”

मी दुसऱ्याकडे बघितलं. माणूस झोपला की त्याची मूठ सुटते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. मी स्वतः शिकवलेलं आहे. माणसं कशी बसतात, कशी वाकतात हे बघण्याचा मला पगार मिळतो. चार शुक्रवार तो माणूस माझ्यापासून सहा फुटांवर मुठी आवळून बसला होता, आणि मी काय बघत होतो, तर चहा कुणावर पडतो ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेलो. मास्तर एका पँटची शिलाई उसवत होते. मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. हवापाणी, मशीनचा आवाज, उगाच एक सैल बटण. शेवटी म्हणालो, “मास्तर, तो आजीचा प्रसंग. तुम्ही झोपत नव्हता.”

“नाही.”

“मग?”

त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं. “आमचं माणूस दवाखान्यात होतं शेवटी. सतरा दिवस. मी खुर्चीत बसून असायचो. सतराव्या दिवशी डबा खाल्ला, दुपारचे तीन वाजले असतील, पाच मिनिटं डोळा लागला. नर्सने हलवून उठवलं. तोवर आटोपलं होतं.”

मी शर्टाचं सैल बटण पिळत राहिलो, ते हातात आलं.

“तिने हाक मारली असेल का, एवढंच डोक्यात राहतं बघा,” मास्तर म्हणाले. “ती हळूच हाक मारायची. मशीन चालू असलं तर ऐकू यायची नाही, मग दोऱ्याचं रीळ फेकून मारायची. तिथे काही रीळ नव्हतं. पाच वर्षं झाली. आणि तुमची म्हातारी तीन-तीनदा हाक मारते.”

“सांगायचं नाही का, मास्तर? मी चार वेळा दाखवलं तुम्हाला. वादळ घालून दाखवलं.”

“तुमचं काम ते. मी कापड बेततो तेव्हा गिऱ्हाईक मध्ये बोललं तर मला चालत नाही.” मग थोडं हसले. “आणि तुम्ही चहा आणत होतात. म्हटलं, असू दे.”

मला स्टुलाकडे बघवेना. तीन वर्षं हा माणूस आमच्याकडे येत होता. अस्वलाच्या आजीला भूतकाळ हवा म्हणून आम्ही तिघांनी दोन महिने डोकेफोड केली होती, आणि ज्या माणसाच्या झोपेवर आमचा सिनेमा बेतला त्याला ‘मास्तर, तुमच्या घरचं काय झालं?’ असं एका शब्दाने विचारलं नव्हतं.

“तुम्ही झोपता ते बाकीचे प्रसंग तरी खरोखर झोपता ना?” मी विचारलं. विचारायची ही वेळ नव्हती, पण माझी कौतुकाची भूक कधी भागत नाही.

“ते खरं. घरी मला झोप लागत नाही. दुकानात तर नाहीच. डोळा लागला की दचकून उठतो. तुमच्याकडे अंधार असतो, खुर्ची बरी आहे, आणि चार माणसं जागी असतात. कुणी ना कुणी बघतंय, म्हणून लागते.”

“मग मी हा प्रसंग परत घालत नाही,” मी म्हणालो.

“घाला की,” मास्तर म्हणाले आणि पँट पुन्हा हातात घेतली. “नाहीतर त्या पिल्लाचं लोकांना कसं कळणार?”

पुढचे दहा दिवस मी हाका काढल्या आणि पुसल्या. हाक ठेवली तर मास्तरांचा जीव जात होता, पुसली तर प्रसंगाचा. म्हातारी नुसतीच निघून जाते असं काढलं. ती निष्ठुर दिसली. पिल्लू अर्धवट जागं होतं असं काढलं. ते खोटं दिसलं. मास्तरांना बरं वाटावं म्हणून मी काहीतरी गोड काढू बघत होतो, आणि असं गोड काढलेलं चित्र लांबूनच ओळखू येतं. केराची टोपली भरली. बाईंनी पेन्सिल बदलली.

अकराव्या दिवशी सकाळी मी अंथरुणात होतो. बायकोची प्रयोगशाळेत पहिली पाळी, ती सहाला निघते. मी जागा होतो, पण झोपेचं सोंग घेतलं होतं, कारण उठलो असतो तर चहा मलाच करावा लागला असता. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, या म्हणीवर माझा संसार उभा आहे. ती चप्पल घालून दारापर्यंत गेली. परत आली. किल्ल्या कुठे आहेत हे विचारायचं असणार, ती रोज विचारते. पापण्यांच्या फटीतून मला तिचा हात माझ्या खांद्याकडे येताना दिसला. तो वाटेत थांबला. मग मागे गेला. तिने चादर माझ्या पायांवर ओढली, स्वतःच किल्ल्या शोधल्या आणि दार आवाज न करता लावून गेली.

मी तिथेच पडून राहिलो. मग उठलो आणि दात न घासता चित्रं काढली.

अकरा चित्रं झाली. म्हातारी दाराशी जाते. थांबते. परत येते. पिल्लावर वाकते, पंजा उचलते. पिल्लाचं पोट खालीवर होतंय. पंजा तसाच हवेत. ती त्याच्याकडे बघते. पंजा मागे घेते. सुकलेली पानं ओढून त्याच्या पायांवर घालते. बाहेर जाते, आणि बर्फात पाय वाजू नयेत म्हणून हळू चालते. एकही हाक नाही, एकही शब्द नाही. पोपट नाराज झाला, कारण म्हातारीचा आवाज त्याने फार मेहनतीने बसवला होता. बाईंनी अकरा चित्रं दोनदा बघितली आणि एक टाचणी सरळ केली, बाकी काही केलं नाही.

शुक्रवारी मी मास्तरांना आधी सांगितलं, “आज तो प्रसंग आहे. यायचं नसेल तर राहू द्या.” ते चार वाजता आले. भिंतीकडच्या खुर्चीत बसले.

रीळ सुरू झालं. पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं, आम्ही तिघं माना वळवून मास्तरांकडे बघत होतो. म्हातारी दाराशी गेली. मास्तरांनी टेपची टोकं मुठीत धरली. ती परत आली, पंजा उचलला. मास्तरांचे डोळे उघडे होते. पंजा मागे गेला. पानं ओढली गेली.

“थांबवा जरा,” मास्तर म्हणाले.

बाईंनी रीळ थांबवलं. पडद्यावर पिल्लू पानांखाली झोपलेलं राहिलं.

“तिने हाक मारलीच नाही,” मास्तर म्हणाले.

“नाही.”

“का?”

“झोपू दे म्हणून,” मी म्हणालो. “सतरा दिवस... म्हणजे, दमलेलं दिसतं ना ते.”

मी जीभ चावली. मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, किंवा खरंच ऐकलं नसेल. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

मला बायकोचा हात सांगता आला असता. मला खोटंही सांगता आलं असतं, त्याचा तर मी पगार घेतो. “कुणी नाही, मास्तर. मला माहीत नाही. असं असू शकतं, एवढंच.”

ते पिल्लाकडे बराच वेळ बघत राहिले. “असू शकतं,” ते म्हणाले. “ती मला रविवारी उठवायची नाही.” मग थोड्या वेळाने, “चालू द्या पुढे.”

पुढच्या आठवड्यात त्या चष्मेवाल्या बाईंसकट तीसेक जणांनी हे रीळ बघितलं आणि पिल्लू का झोपत नाही हे कुणीही विचारलं नाही. सिनेमा पुढे गेला. पण ती नंतरची गोष्ट. त्या शुक्रवारी बाईंनी रीळ पुन्हा सुरू केलं आणि लगेच माझा पाठलाग लागला. तोच, पहिल्या दिवसाचा, तीन वर्षं घासून घासून चकचकीत केलेला. आता त्यात पाच दरडी होत्या. पूल तुटला, पोपट पडद्यावर जिवाच्या आकांताने ओरडला, आणि मागून घोरण्याचा आवाज आला.

मान छातीवर. जबडा सुटलेला. मुठी उघडलेल्या, टेप मांडीवर.

पोपट आनंदाने माझ्या कानात म्हणाला, “चहा तुझ्यावर,” आणि रीळ संपल्यावर मास्तरांना उठवायला हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं. पोपटाने माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि तो अर्थातच रडायला लागला, पण आवाज न करता. बाईंनी दिवे लावले नाहीत. आम्ही तिघं अंधारात जागे बसून राहिलो.

चहा आला. मास्तरांच्या कपावर मी बशी झाकून ठेवली. तो गार झाला, मी दुसरा सांगितला. तोही गार झाला. मास्तर साडेसहाला उठले.